गिटारची तार तुटण्याची वाट पाहू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून गिटार शिकण्याविषयी अधूनमधून मजकूर प्रसिद्ध होतो. वाद्य कोणते घ्यावे, कोणत्या वयात सुरुवात करावी, रोज किती वेळ सराव करावा, हे सारे त्यात असते. मात्र ज्या सहा तारांतून आवाज निघतो, त्या तारांना ठरावीक आयुष्य असते आणि ते संपले की त्या बदलाव्या लागतात, याचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. मी गिटार शिकवतो. शिकायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या गिटारवर वाद्य विकत घेतले त्या दिवशीच्याच तारा असतात आणि ‘तुटली तर बदलायची’ एवढा एकच नियम त्यांना ठाऊक असतो. या समजुतीने नवशिक्यांचे बरेच नुकसान होते. त्याकडे, आणि तारा नीट बदलण्याच्या पद्धतीकडे, वाचकांचे व विशेषतः पालकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तार तुटते तेव्हा ती निकामी झाल्याचे कोणालाही कळते. पण तिचा आवाज त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. फ्रेंच विद्वान मारॅं मर्सेन यांनी १६३६ साली तारेच्या कंपनाचे जे नियम मांडले, त्यांनुसार तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि दर लांबीमागे तिचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. हे वजन तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे असेल, तरच मूळ स्वर आणि त्याच्यासोबत उमटणारे उंच उपस्वर एकमेकांशी जुळतात. वाजवताना बोटांचा घाम, त्वचेचे तेल आणि मृत त्वचेचे कण तारेवर बसतात. गिटारच्या जाड तारा म्हणजे पोलादी गाभ्यावर बारीक तारेचे घट्ट वेटोळे असतात आणि हा मळ त्या वेटोळ्यांच्या फटींत शिरून राहतो. तो सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे बोटे अधिक पडतात तिथे तो अधिक साठतो. शिवाय गिटारच्या गळ्यावर (लांब दांडीवर) आडव्या बसवलेल्या फ्रेट नावाच्या धातूच्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा दाबली गेल्याने तारेच्या खालच्या बाजूस बारीक खाचा पडतात. अशी तार कुठे जड, कुठे झिजलेली होते. उंच उपस्वर आधी विझतात, मग आस, म्हणजे स्वर घुमत राहण्याचा काळ, कमी होते आणि शेवटी तार सुरातही राहत नाही.

हे सगळे इतके हळूहळू घडते की रोज वाजवणाऱ्याला ते जाणवतच नाही. बद्द झालेला आवाज हाच आपल्या गिटारचा आवाज, असे तो धरून चालतो. नवशिका तर दोष स्वतःकडे घेतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर (स्वर दाखवणाऱ्या उपकरणावर) बिनचूक लावूनही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर, धरली की ती बेसूर वाजते. आपला कान कच्चा आहे, बोटे नीट पडत नाहीत, असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात त्याचा कान योग्य तेच सांगत असतो. सुरुवातीच्या महिन्यांत कान तयार होत असतो आणि त्याच काळात त्याच्यासमोर रोज चुकीचा स्वर ठेवला, तर चूक ओळखण्याची त्याची शक्तीच बोथट होते. गंजलेल्या तारेवर बोटे सरकत नाहीत, ती लवकर सोलवटतात, हा त्रास वेगळाच. गिटार सोडून देणाऱ्या मुलांपैकी काही जणांना वाद्याने नव्हे, तर जुन्या तारांनी कंटाळा आणलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून तार तपासण्याची सवय हवी. डोळ्यांनी पाहिले तर कांशाच्या तारांचा सोनेरी रंग जाऊन त्या तपकिरी, काळपट झालेल्या दिसतात आणि वेटोळे नसलेल्या बारीक पोलादी तारांवर गंजाचे ठिपके दिसतात. बोटाचे टोक तारेच्या खालच्या बाजूने हलकेच फिरवले, की खरखर आणि फ्रेटच्या जागच्या खाचा स्पष्ट लागतात. याहून खात्रीची परीक्षा कानाची आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसते बोट टेकवून छेडावे आणि लगेच बोट उचलावे, म्हणजे घंटेसारखा स्वच्छ स्वर उमटतो. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवावी. गिटारची जुळवणी योग्य असेल तर दोन्ही स्वर एकच यायला हवेत. पूर्वी ते जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर तार थकली असे समजावे. नव्या तारा चढवूनही फरक कायम राहिला, तरच ब्रिजवरची (पोटावरच्या ज्या तुकड्यात तारा अडकवतात त्यावरची) पट्टी किंवा नट (गळ्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) यांच्याकडे वळावे. अनेक जण याच्या उलट करतात. आधी गिटार दुरुस्तीला नेतात, आणि तारांचा विचार सर्वांत शेवटी करतात.

किती दिवसांनी बदलाव्यात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वादकांमध्ये रूढ असलेला अंदाज असा, की सुमारे शंभर तास वाजवून झाले किंवा तीन महिने उलटले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा पोलादी तारांचा संच बदलावा. हा केवळ अंदाज आहे. ज्याच्या हातांना घाम अधिक येतो, किंवा जो समुद्राजवळच्या दमट हवेत राहतो, त्याच्या तारा काही आठवड्यांतच बसतात. ज्याचे हात कोरडे आहेत आणि जो वाजवून झाल्यावर सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसतो, त्याच्या बराच काळ टिकतात. वाजवण्यापूर्वी हात धुणे आणि नंतर तारा पुसणे या दोन गोष्टींना मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि तारांचे आयुष्य त्याने जितके वाढते तितके दुसऱ्या कशानेही वाढत नाही. वेटोळ्यांवर अतिशय पातळ आवरण चढवलेल्या तारा मळ आत शिरू देत नाहीत, त्यामुळे त्या अधिक टिकतात. त्यांचा स्वर आणि स्पर्श काहींना आवडतो, काहींना नाही. गिटार महिनोन्‌महिने खोळीत पडून असेल, तरीही पोलादी तारा खराब होतातच. हवेतल्या ओलाव्याला ती वाजते की नाही याच्याशी कर्तव्य नसते.

नवा संच घेताना पहिली गोष्ट पाहायची ती गिटारचा प्रकार. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. अकूस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या, पोलादी तारांच्या) गिटारचा नेहमीचा हलका संच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात १२ ते ५३ जाडीचा, सुरात लावला की सहा तारा मिळून गळ्यावर आणि ब्रिजवर सत्तर किलोंहून अधिक वजनाइतका ताण देतात; नायलॉनच्या तारांचा ताण साधारण त्याच्या निम्मा असतो. पोटाच्या फळीखाली लावलेल्या लाकडी पट्ट्यांची रचनाच या दोन ताणांसाठी वेगवेगळी असते. मार्टिन या जुन्या अमेरिकी कंपनीनेही १९२२ साली पोलादी तारांसाठी मुद्दाम मजबूत केलेले मॉडेल नियमित बाजारात आणले. त्याआधी तिची बहुतेक वाद्ये आतड्याच्या तारांसाठी घडवलेली असत. नायलॉनच्या गिटारवर पोलाद चढवल्यास फळी फुगते, गळा वाकतो, आणि कित्येकदा ब्रिज चिकटवलेल्या जागेवरून उखडून येतो. ‘आवाज मोठा येतो’ म्हणून हा प्रयोग करणाऱ्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट जाडीची. गिटारवर आधी जी जाडी होती तीच पुन्हा घ्यावी. इलेक्ट्रिक गिटारवर बहुधा ९ ते ४२ किंवा १० ते ४६ जाडीचे संच असतात. जाडी बदलली की ताण बदलतो, त्यामुळे गळ्याचा बाक आणि फ्रेटपासूनची तारांची उंची बदलते, जाड तार नटच्या खाचेत अडकते आणि सारी जुळवणी नव्याने करावी लागते. नवशिक्याची बोटे फार दुखत असतील, तर एक पायरी बारीक संच घेणे हा अगदी रास्त उपाय आहे. फक्त तो जाणकाराला विचारून करावा. धातूविषयी थोडक्यात एवढेच, की अकूस्टिकसाठी ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असलेल्या मिश्रधातूच्या तारा सुरुवातीला अतिशय चमकदार वाजतात पण लवकर निस्तेज होतात. तारा बनवणाऱ्या डॅडारिओ कंपनीने १९७४ साली आणलेल्या फॉस्फर ब्राँझच्या (फॉस्फरस मिसळलेल्या कांशाच्या) तारांचा स्वर किंचित उबदार असतो आणि तो अधिक टिकतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला (तारेची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय भागाला) चुंबकाकडे ओढला जाणारा धातू लागतो, म्हणून तिथे निकेलचा मुलामा दिलेले पोलाद वापरतात.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. मेजावर जाड टॉवेल पसरून त्यावर गिटार आडवी ठेवावी आणि गळ्याखाली घडी केलेले कापड द्यावे. आधी खुंटी फिरवून तार पूर्ण ढिली करावी. ताणलेली तार कापणे धोक्याचे असते. ती चाबकासारखी उसळते आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. लहान मुले हे काम करत असतील तर मोठ्यांनी जवळ असावे आणि तारांची सुईसारखी टोके लगेच उचलून ठेवावीत. अकूस्टिक गिटारच्या ब्रिजमधल्या पिना पक्कडीने उपटू नयेत. ढिली केलेली तार आधी भोकात किंचित आत ढकलली, की तिच्या टोकाचा गोळा मोकळा होतो आणि पिन सहज वर येते. खुंट्या फिरवण्याच्या हँडलला पिन उचलण्यासाठी एक खाच असते, तिचा उपयोग करावा.

सगळ्या तारा एकदम काढल्या तर गळा बिघडतो, हा समज फार पसरला आहे. साध्या गिटारच्या सहाही तारा साफसफाईपुरत्या काढून ठेवल्याने काहीही बिघडत नाही. उलट फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) पुसण्याची तीच एक संधी असते. अपवाद दोनच लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ज्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या आणि तारांच्या परस्पर ओढीवर तरंगता असतो, आणि ज्या वाद्यांत ब्रिज चिकटवलेला नसून केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहतो, त्यांत एकेक तारच बदलावी, म्हणजे तोल ढळत नाही. फ्रेटबोर्डवर तेल लावायचे तर ते रोजवुड किंवा एबनीसारख्या उघड्या लाकडालाच, तेही थेंबभर लावून लगेच पुसून घ्यावे. वार्निश केलेल्या मेपलला ते लावू नये.

नवी तार चढवताना गोळ्याकडचे टोक किंचित वाकवून भोकात घालावे, पिनेची खाच तारेकडे, म्हणजे गळ्याच्या दिशेला ठेवावी, आणि पिन खाली दाबत असतानाच दुसऱ्या हाताने तार वर ओढावी. गोळा आतल्या लाकडी पट्टीला खालून टेकल्याचे हाताला कळते. तो पिनेच्या टोकावरच अडकून राहिला, तर ताण चढताच पिन सटकून उडते. नवशिक्यांच्या हातून बहुधा हीच चूक होते, आणि मग ‘पिना खराब आहेत’ असा निष्कर्ष काढला जातो.

दुसरे टोक खुंटीच्या भोकातून ओढून घ्यावे आणि मग ढील सोडावी. जाड तारांना सुमारे पाच सेंटिमीटर ढील पुरते, त्यातून दोन ते तीन वेढे बसतात. वेटोळे नसलेल्या बारीक तारांना सात-आठ सेंटिमीटर ढील ठेवून चार-पाच वेढे द्यावेत, कारण गुळगुळीत तार अधिक घसरते. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली यावा. एकावर एक चढलेले वेढे पुढे कित्येक दिवस हळूहळू सरकत राहतात, आणि तितके दिवस गिटार उतरत राहते. खुंट्या तीन-तीन अशा दोन बाजूंना असतील, तर सर्व तारा त्यांच्या आतल्या बाजूने जायला हव्यात. उरलेले टोक सुराला लावून झाल्यावरच कापावे. ज्या तारांचा गाभा गोल असतो, त्या खुंटीला घट्ट बसण्याआधी कापल्या तर त्यांची वेटोळी सुटून तार तिथल्या तिथे वाया जाते.

सुरात लावताना एका गोष्टीने बऱ्याच नव्या तारा तुटतात. साधा ट्यूनर पुष्कळदा स्वराचे केवळ नाव दाखवतो, सप्तक दाखवत नाही. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार सेकंदाला सुमारे ३३० कंपनांवर लावायची असते. ती ओलांडून पुढच्या सप्तकातल्या त्याच नावाच्या स्वराकडे जाऊ लागले, की मध्येच कधीतरी ती तुटते. म्हणून दुसऱ्या लावलेल्या गिटारचा किंवा ध्वनिमुद्रित स्वराचा आधार घेऊन आधी कानाने जवळ यावे आणि मगच ट्यूनरकडे पाहावे. स्वर नेहमी खालून वर चढत लावावा. वर गेला तर पुरता उतरवून पुन्हा चढवावा, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढील निघून जाते आणि स्वर टिकतो.

नवी तार लगेच उतरते, म्हणून ती सदोष आहे असे समजू नये. तार लावून झाली की बोटांनी ती फ्रेटबोर्डपासून हलकेच वर ओढावी, गळ्यापासून ब्रिजपर्यंत जागा बदलत तसेच करावे, पुन्हा सुरात लावावी, आणि उतरणे थांबेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. पोलादी तारेच्या बाबतीत या ओढण्याने खुंटीवरचे वेढे आणि गोळ्याजवळचा पीळ मुख्यतः आवळून बसतात, त्यामुळे ती लवकर स्थिरावते. नायलॉन मात्र खरोखरच लांबत जाते आणि तिला काही दिवस लागतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नायलॉनच्या तारा बदलू नयेत, ते त्यामुळेच. नायलॉनच्या तारांना टोकाला गोळा नसतो, त्या ब्रिजवर गाठ मारून बांधतात, आणि ती गाठ प्रत्यक्ष पाहूनच शिकावी. या संचातल्या तीन गुळगुळीत तारा पुष्कळ टिकतात. धातूचे वेटोळे असलेल्या तीन खर्जाच्या तारा बऱ्याच आधी बसतात, म्हणून तेवढ्याच बदलणेही योग्य ठरते.

पोलादी संचातली एकच तार तुटली तर काय करावे? संच ताजा असेल तर तेवढी एक बदलावी. जुना असेल तर सहाही बदलाव्यात, कारण पाच निस्तेज तारांत एक नवी तार वेगळीच उठून वाजते आणि कॉर्डचा समतोल जातो. तीच तार त्याच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर मात्र दोष तारेचा नसतो. ब्रिजवर, नटच्या खाचेत किंवा खुंटीच्या भोकाशी धारदार कड राहिलेली असते. ती जाणकाराकडून घासून घ्यावी. तार लावताना नटपाशी ‘टक्‌’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर खाचेत पेन्सिलचे शिसे घासावे, तार सहज सरकू लागते. जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा वापरण्याची युक्ती काही जण सांगतात. उकळल्याने वेटोळ्यांतला मळ निघतो आणि थोडा वेळ चमक परतते, हे खरे. पण झिजलेला, थकलेला धातू त्याने पूर्ववत होत नाही. विद्यार्थ्यांना मी हा मार्ग सुचवत नाही.

गिटार शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे, की विद्यार्थ्याच्या तारा त्याला न दाखवता, वर्ग संपल्यावर घाईने बदलून देण्याची पद्धत त्यांनी सोडावी. पहिल्या काही महिन्यांतच एक पूर्ण तास या कामासाठी राखून ठेवावा. त्या तासात विद्यार्थ्याने सहाही तारा स्वतःच्या हातांनी उतरवाव्यात आणि चढवाव्यात, शिक्षकाने केवळ पाहावे आणि अडेल तिथे सांगावे. वाद्य विकणाऱ्यांनी नवी गिटार देताना तिच्यावर कोणत्या जाडीच्या आणि कोणत्या धातूच्या तारा आहेत, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. पालकांनी वाद्याबरोबरच तारांचा एक जादा संच, खुंट्या फिरवण्याचे हँडल आणि तार कापण्याची कात्री घ्यावी आणि तारा बदलल्याची तारीख संचाच्या रिकाम्या पाकिटावर लिहून ते पाकीट गिटारच्या खोळीत ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी जाडीही शोधावी लागणार नाही आणि तारा किती जुन्या आहेत याविषयी अंदाजही बांधावा लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक गिटारशिक्षक